छायाचित्राची कड वांकडी कां येते ?



ज्यांच्या घरीं जुन्या रोल-फिल्मच्या निगेटिव्ह अद्याप जपून ठेविलेल्या असतील, त्यांनीं एखादी पट्टी उजेडासमोर धरून पाहावी. ओळीनें चित्रें दिसतील, आणि प्रत्येक चित्राभोंवतीं कोऱ्या फिल्मची पारदर्शक किनार दिसेल. चित्र जेथें संपतें ती कड सरळच असणार असें आपण गृहीत धरतों. पण बारकाईनें पाहिलें म्हणजे पुष्कळदां ती मधोमध किंचित् बाहेर फुगलेली आढळते. एखादा कोपरा गोलसर असतो, कोठें खरबरीतपणा असतो. पाहणारा लागलीच निकाल देऊन मोकळा होतो कीं, भिंग वाईट होतें. आणि ती ओबडधोबड किनार कात्रीनें छाटली जाते. त्या किनारीची बाजू आज मला मांडावयाची आहे.

भिंगावरील आरोप प्रथम पाहूं. भिंग सदोष असलें तर सरळ वस्तूची प्रतिमा वांकडी पडते, हें खरें. देवळाचा खांब चित्राच्या कडेशीं आला तर तो धनुष्यासारखा वांकलेला दिसेल. परंतु चित्राची कड ही बाहेरच्या कोणत्याहि वस्तूची प्रतिमा नव्हे. कॅमेऱ्याच्या आंत, फिल्मच्या अगदीं पुढें, एक चौकोनी खिडकी असते. तींतून येईल तेवढाच प्रकाश फिल्मवर पडतो, बाकीची फिल्म कोरी राहते. म्हणजे कड ही त्या खिडकीची सावली होय. खिडकीचा कोपरा गोल असेल तर सावलीचा कोपराहि गोल येणार. स्वीडनच्या हॅसलब्लॅड कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवर चित्राच्या एका कडेला दोन इवल्याशा त्रिकोणी खुणा उमटतात. त्या त्याच्या खिडकीलाच पाडलेल्या खांचांच्या आहेत.

आतां कोणी विचारील कीं, खिडकी सरळ असतां तिची सावली वांकडी कशी ? याचें उत्तर रात्रीं घरबसल्या मिळतें. एक कागद कौलासारखा वांकवून, त्याची पोकळ बाजू आपल्याकडे करून उभा धरा. त्याच्या पुढें, दोन्ही काठांना टेकेल अशी, एक पट्टी वांकाला आडवी धरा, आणि दिवा थोडा बाजूला ठेवा. पट्टीच्या सावलीच्या कडेवर पेन्सिलीनें रेघ ओढून घ्या व मग कागद सपाट करा. रेघ वांकडी निघेल. जेथें कागद पट्टीला टेकला होता तेथें सावली जागच्या जागीं पडली. जेथें तो मागें गेला होता तेथें तिरप्या किरणानें ती बाजूला सरकली. पट्टीचा यांत कांहींच दोष नाहीं.

फिल्मचें तसेंच आहे. तिच्या एका अंगावर जिलेटिनचा थर असतो. हवेंतील ओलावा कमी झाला कीं जिलेटिन आकसतें आणि फिल्म त्या बाजूस पन्हळीसारखी वळूं पाहते. थराची बाजू भिंगाकडे असल्यानें फिल्मचा मधला भाग मागें जातो व खिडकीपासून दूर पडतो. म्हणून कड मध्यावर बाहेर फुगते. चांगल्या कॅमेऱ्यांत मागून दाबपट्टी बसविलेली असते. ती फिल्मला सपाट ठेवते. स्वस्त पेटी-कॅमेऱ्यांत हा बंदोबस्त ढिलाच असे. शिवाय कांहीं कॅमेऱ्यांत फिल्म मुद्दामच वांकवून धरीत. साध्या एकेरी भिंगाची प्रतिमा सपाट पडत नाहीं, वाटीसारखी पडते. तिला जुळावें म्हणून १९५२ सालीं निघालेल्या कोडॅकच्या ब्राउनी १२७ मध्यें फिल्मची बैठकच वक्र केली होती.

हिशेब कठीण नाहीं. फिल्म खिडकीपासून अर्धा मिलिमीटर मागें आहे, कड चित्रमध्यापासून १८ मिलिमीटरवर आहे आणि प्रकाश जणूं ५० मिलिमीटरवरील छिद्रांतून येतो आहे असें धरा. सावली सुमारें ०·१८ मिलिमीटर सरकेल. तेंच छिद्र २५ मिलिमीटरवर आलें तर ०·३६. चित्र दसपट मोठें केलें म्हणजे हेच साडेतीन मिलिमीटर होतात, आणि मग कोणाच्याहि डोळ्यांना खुपतात. छिद्र मोठें उघडलें असेल तर कड धूसर येते, लहान असेल तर रेखीव. दिवा मोठा असला कीं सावली पुसट पडते, त्यांतलाच हा प्रकार.

मात्र कड वांकडी दिसली कीं ती तशी उमटलीच आहे असें समजूं नये. निगेटिव्ह स्वच्छ कांचेखालीं सपाट दाबून पाहावी. वांक नाहींसा झाला तर तो केवळ पट्टीच्या गुंडाळण्याचा होता.

ह्या सावलीला साक्षीदार म्हणून बोलाविल्याचें उदाहरण अमेरिकेंतील आहे. १९६३ च्या नोव्हेंबरांत डलास येथें अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. संशयित ऑसवाल्ड ह्याचीं हातांत बंदूक घेतलेलीं छायाचित्रें सांपडलीं. पण, चेहरा माझा असून धड दुसऱ्याचें जोडलें आहे, असें त्यानें पोलिसांना सांगितलें, आणि दुसऱ्याच दिवशीं तोहि मारला गेला. एकाच छायाचित्राची निगेटिव्ह चौकशीसाठीं हातीं आली होती. एफ. बी. आय. चे छायाचित्रतज्ज्ञ लिंडल शेनीफेल्ट यांनीं ऑसवाल्डच्या इंपीरियल रिफ्लेक्स ह्या स्वस्त कॅमेऱ्यानें नवी निगेटिव्ह काढली, आणि दोहोंच्या कडा जुळवून पाहिल्या. खिडकीच्या काठावरील बारीक उंचसखलपणा दोन्हींकडे सारखाच उमटलेला होता. ती निगेटिव्ह त्याच कॅमेऱ्यांतली, दुसऱ्या कोणत्याहि नव्हे, अशी साक्ष त्यांनीं १९६४ सालीं वॉरेन आयोगापुढें दिली. पुढें काँग्रेसच्या समितीनें नेमलेल्या तज्ज्ञांनींहि हीं चित्रें पुन्हां तपासलीं. १९७९ च्या अहवालांत बनावटीचा पुरावा आढळला नाहीं असें नमूद आहे. कॅमेरा महाग व निर्दोष असता तर त्याची कड इतकी बोलकी निघाली असती कीं नाहीं, याची मला शंका वाटते.

आजकाल जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून घेण्याची चांगली प्रथा पडली आहे. परंतु स्कॅनरमध्यें फिल्म धरणाऱ्या साच्याची खिडकी बहुधा चित्रापेक्षां किंचित् लहान असते, आणि चारी कडा तिच्याखालीं झांकून जातात. काम देतांना दुकानदाराला आधींच सांगावें कीं, भोंवतालची कोरी किनार थोडी दिसूं द्या. आणि काम झाल्यावर मूळ पट्टी न कापतां परत मागून घ्यावी.