चाकावरचे चामडे

दूधगंगेच्या काठचे सदलगा आणि त्याच्या आसपासचा चिकोडी-निपाणीचा मुलूख यांना चामड्याचा परिचय नवा नाही. विहिरींवर मोटा चालत होत्या तोपर्यंत चामडे हे शेतीचेच एक साधन होते. अथणी व निपाणी ही नावे कोल्हापुरी चपलेच्या संदर्भात कोल्हापूरच्या बरोबरीने घेतली जातात. २०१९ साली या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्या जोडीला बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांचाही त्यात समावेश झाला. चामडे कोरडे पडले की त्याला तेल पाजावे, एवढे ज्ञान या भागात कोणालाही शिकवावे लागत नाही.

आणि नेमके हेच ज्ञान मोटारीच्या स्टिअरिंगवर मात्र घातक ठरते. चाकावरचे चामडे झिजले, काळवंडले, कडक झाले की घरातील वडीलधारी माणसे मोठ्या विश्वासाने खोबरेल किंवा एरंडेल पुढे करतात. दोन दिवस चाक काळेभोर व तुकतुकीत दिसते. तिसऱ्या दिवशी त्यावर रस्त्याची धूळ बसते, तेल खवट होऊ लागते, आणि ऐन वळणावर हात निसटतो. बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि शाळेची मुले एकाच अरुंद रस्त्याने जाणाऱ्या या प्रदेशात हात निसटणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

असे का व्हावे? चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. कातड्याची पिशवी शिवून ती टांगावयाची व तिच्यात हे तुरट पाणी भरून मुरू द्यावयाचे, ही येथील जुनी रीत. या चामड्याचा पृष्ठभाग उघडा असतो; तेल दिले तर ते आत शिरते व तंतूंना मऊ करते. मोटारीच्या चाकावर चढविलेले चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि वरून त्यावर रंगाचा व रोगणाचा पातळ थर चढविलेला असतो. त्या थरामुळे तेल आत न जाता वरच राहते. कारखान्यातून आलेले चाक मंद, किंचित खरखरीत दिसते. पुष्कळांना जी चकाकी नवेपणाची वाटते, ती वास्तविक घाम, हातांचे तेल आणि धूळ यांचा लेप असते. चामडे झिजून गुळगुळीत झाले असे वाटते, त्यातील निम्मी झीज पुष्कळदा केवळ मळ असतो! म्हणून प्रथम स्वच्छता, मग दुरुस्तीचा विचार.

तत्पूर्वी वस्तू कोणती आहे हे पाहावे. बाजारात मिळणारी अनेक आवरणे चामड्याची नसून रेक्झिनची असतात. उसवलेल्या कडेला मागील बाजूस कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन, आणि विस्कटलेले तंतू दिसले तर चामडे. चामडेच असेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो तसाच टिकला तर रोगण शाबूत आहे; शोषला जाऊन डाग गडद झाला तर तेथे थर गेलेला आहे व तेथे पाणी अत्यंत बेताने वापरावयास हवे.

साबणाच्या निवडीत पुष्कळांची चूक होते. कमावलेले चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते. धुण्याची वडी व सोडा हे पदार्थ अल्कधर्मी, म्हणून ते मळाबरोबर चामड्याचा कसही घालवितात. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी तर रंगच सुटून येतो. लोकर-रेशमासाठी मिळणारा सौम्य द्रव साबण कोमट पाण्यात थोडासा घालून फेस करावा, आणि पाणी नव्हे, तर तो फेस मऊ फडक्यावर घेऊन चाकाचा वीतभर भागच एका वेळी पुसावा. शिवणीत व सुरकुत्यांत साचलेल्या मळासाठी जुना मऊ दातांचा ब्रश पुरतो. लगेच दुसऱ्या ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने साबण काढावा व तिसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावे. पहिले फडके काळे निघाले म्हणजे काम झाले असे नव्हे. ते स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा हीच क्रिया करावी लागते. चाक सावलीतच वाळू द्यावे.

वाळल्यावर चामड्यासाठी मिळणारे पाण्याच्या आधाराचे मलम फडक्यावर नखभर घेऊन चोळावे व उरलेले पुसून टाकावे. सिलिकॉनयुक्त चकाकीची द्रव्ये चाकाला कदापि लावू नयेत. त्यांची निसरडेपणाची खोड तेलाहूनही वाईट.

रंग उडून पांढुरके पडलेले चट्टे मलमाने भरून येत नाहीत. त्यांना बारीक पॉलिशपेपरचा हलका हात देऊन चामड्याचाच रंग पातळ थरांत चढवावा लागतो आणि वर रोगण द्यावे लागते. चामडे फाटलेच असेल तर नवे शिवणे उत्तम. पातळ, समान जाडीचे चामडे, मेण लावलेला दोरा, दोन सुया आणि ओढून बसविण्याचा सराव एवढे ज्याच्यापाशी आहे, असा कारागीर या पट्ट्यात शोधावा लागत नाही. रापी व आरी येथे पिढ्यानपिढ्या चाललेली आहे. वरून नुसते ओढून बसविलेले सैल आवरण मात्र टाळावे. ते चाकाभोवती फिरते आणि चालकाचा हात वळतो, पण चाक वळत नाही.

एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली. ती चाकाच्या मध्यभागी, हॉर्नच्या झाकणाखाली असते व स्फोटक द्रव्याने क्षणार्धात फुगते. त्या भागावर पाणी ओघळू देऊ नये, त्यावर आवरण शिवू नये आणि चाक उतरवावयाचेच असेल तर ते काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे.

पुढे राखण सोपी आहे. चैत्र-वैशाखात उभ्या मोटारीत चाक हाताला चटका देण्याइतके तापते; उन्हाने रोगण ठिसूळ होते, म्हणून काचेआड पुठ्ठा किंवा चाकावर सुती पंचा टाकावा. हातांना तंबाखूची भुकटी किंवा उसाचा चिकटा असेल तर गाडीत बसण्याआधी ते धुवावेत. पावसाळ्यात बंद गाडीतील चामड्यावर पांढरी बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने गाडीबाहेर झटकावी, मग वरील रीतीने चाक पुसावे, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी दारे उघडी टाकून वारा खेळू द्यावा.