न ओळखलेला मधुमेह आणि अपघात विभाग
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



भोजनापूर्वी मधुमेहावर बोलण्याचे काम चिटणिसांनी मजवर सोपविले आहे. जिलबीची कढई चढलेली असताना हे काम अप्रिय खरे. परंतु मी आज जिलबीविषयी नव्हे, एका कागदाविषयी बोलणार आहे.

१९९८ साली माझे मामा ओल्या पायरीवरून घसरले आणि त्यांचे मनगट मोडले. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होतो. रात्रीच त्यांना आम्ही एका रुग्णालयाच्या अपघात विभागात, म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तेथे, नेले. हाड बसविले, प्लास्टर झाले, पहाटे घरी परतलो. रक्ततपासणीच्या कागदावर साखरेचा आकडा २६२ होता. त्याविषयी तेथे कोणी चकार शब्द काढला नाही. मीही तो कागद घडी करून क्ष-किरण चित्राच्या पाकिटात ठेवून दिला. मनगट यथावकाश बरे झाले. सहा वर्षांनी जखम चिघळून मामांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हा ते पाकीट पुन्हा उघडले गेले. दोष केवळ त्या विभागाचा, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

मधुमेह वर्षानुवर्षे मुकाट्याने शरीरात राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपण सडपातळ आहोत, म्हणून निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची तुलना लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याशी करून दाखविली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु याज्ञिकांच्या शरीरात चरबी शेकडा २१, तर युडकिनांच्या शरीरात अवघी शेकडा ९!

आता प्रश्न असा की, हा तपास अपघात विभागात का करावा? कारण जो मनुष्य एरवी वैद्याची पायरी चढत नाही, तोही तेथे येतो. आणि पुष्कळदा त्याचे रक्त काढलेलेच असते. सिडनीच्या पश्चिम भागातील ब्लॅकटाऊन येथील रुग्णालयाने याच रक्तावर आणखी एक चाचणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी शेकडा ३८ जणांना मधुमेह आढळला, आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश लोकांना त्याची पूर्वकल्पनाच नव्हती.

ती चाचणी म्हणजे ‘एचबीए१सी’. दुखापतीच्या किंवा तापाच्या धक्क्याने साखर तात्पुरतीही वाढते. म्हणून त्या वेळच्या एका आकड्यावरून निदान करणे योग्य नव्हे. ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती ६.५ टक्के वा अधिक आली, तर मधुमेहाचा संशय बळावतो. मात्र लक्षणे नसतील, तर पुन्हा तपासून खात्री करावी लागते. रक्त कमी असल्यास किंवा नुकतेच रक्त चढविले असल्यास ही चाचणी फसवू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, गर्दीने गांजलेल्या त्या डॉक्टरांवर आणखी भार कशाला? आक्षेप रास्त आहे. आकडा सापडला आणि पुढे कोणी पाहिलेच नाही, तर तपास व्यर्थ होय. म्हणूनच निम्मे काम रुग्णालयाचे आणि निम्मे आपल्या घराचे आहे. तेथून निघताना “साखर किती आली?” एवढे विचारावे, आकडा घरच्या वहीत लिहावा, आणि तो वाढलेला असल्यास आठवड्याभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावा. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने तर अपघाताची वाट न पाहताच तपासून घ्यावे. घरात लग्न ठरावयाचे आहे, म्हणून हा आजार झाकून ठेवण्याची चाल आपल्यात आहे. ती आता सोडावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मामा आज हयात नाहीत. ते पाकीट मी जपून ठेवले आहे. आपल्या घरातील असे एखादे पाकीट आज रात्री उघडून पाहावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.