मागे राहिलेली भावंडं

इथिओपियातून परदेशी दत्तक गेलेल्या मुलांविषयी आज थोडं बोलायचं आहे. २०१० साली एकट्या अमेरिकेत तिथून अडीच हजारांच्या आसपास मुलं गेली. २०१८ च्या जानेवारीत तिथल्या संसदेने परदेशी दत्तक बंदच केलं. आधी गेलेली मुलं आता जाणती झाली आहेत आणि विचारतात, माझी भावंडं कुठे आहेत?

आपल्याकडे दत्तक गेलं की जुनं घर सुटलं. १९५६ चा हिंदू दत्तक कायदाही तेच सांगतो. (सोयरीक जुळवताना मात्र ते सुटलेलं नातं आडवं येतं, हे कायदाही विसरलेला नाही.) इथिओपियाचं उलट आहे. त्यांच्या २००० सालच्या कुटुंब कायद्यात १८३ वं कलम आहे. त्यानुसार जन्मघराशी मुलाचं नातं कायम राहतं; दोन्ही घरांत निवड करायची वेळ आलीच, तर दत्तक घराचा हक्क आधी. त्यामुळे मूल शिकून मोठं होईल, कधीतरी घरी येईल, या समजुतीवर कितीतरी आईबापांनी सही केली. घेणाऱ्यांना वाटलं, मागचं सगळं मिटलं.

मला वाटतं, हा दुवा पुन्हा जोडायचा तर भावंडांपासून सुरुवात करावी. आईपुढे ‘मला का दिलंस?’ हा प्रश्न उभा असतो. भावाशी फुटबॉलवर बोलता येतं.

अडचणी मात्र अगदी साध्या असतात. तिथे आडनाव नसतं. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव, म्हणून सगळ्या भावंडांना तेच. दत्तक घराने ते पुसलं की बहिणीच्या हातातला धागाच गेला. ‘बेतेसेब फेलेगा’ नावाचा एक उपक्रम अशा ताटातूट झालेल्या घरांची गाठ घालून देतो, पण त्यालाही शोधायला नाव लागतंच. मग फोन. भाऊ म्हणतो, दोन वाजता करा. तिथे तास उजाडल्यापासून मोजतात, म्हणजे त्याचे दोन हे आपले सकाळचे आठ! तो बिचारा फोन हातात धरून बसलेला. त्यात मूल अम्हारिक भाषा पार विसरलेलं, म्हणून दुभाषा हवा. तो दत्तक आईबापांनी पदरचे पैसे मोजून आणावा. मुलावर सोडू नये.

प्रत्यक्ष भेटीला दुभाष्याचं एवढं अडत नाही. एकाच थाळीतली इंजेरा नावाची भाकरी तोडून, त्यात कालवण गुंडाळून थोरली बहीण धाकट्याला घास भरवते. याला गुर्शा म्हणतात. पुढचा घास दत्तक आईलाही असतो आणि तिने तोंड चुकवायचं नसतं.

आता पैसे. आज ना उद्या थोरला भाऊ फी मागतो, आणि दत्तक घर एकदम सावध होतं. लोभ कसला त्यात? मुंबईत नोकरीला लागलेल्या भावाकडून गावाकडचे काय वेगळी अपेक्षा ठेवतात? द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे मोठ्यांनी मोठ्यांशी बोलून ठरवावं आणि रक्कम थेट शाळेत भरावी. बारा वर्षांच्या पोराला मध्ये घेतलं, तर पुढच्या वेळी बहिणीचा फोन वाजला की तो उचलायलाच कचरेल.