मधली तबकडी



१९७३ च्या तेलटंचाईनंतर आपल्याकडे पेट्रोलवर धावणाऱ्या कित्येक जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसविली गेली. इंजिन एका घराण्याचे, गिअरबॉक्स दुसऱ्याचा. बोल्टांची भोके जुळावीत कशी? मग कारागीर मध्ये पोलादी तबकडी घालतो, तीच अडॅप्टर प्लेट. भोके पाडणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी केंद्राची. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा दांडा एकाच अक्षावर यावे लागतात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून फार अधिक तफावत राहिली, तर बेअरिंग नि क्लच अकाली झिजतात. म्हणून डायल गेज लावून, क्रँक हाताने फिरवीत, काटा जवळजवळ स्थिरावेपर्यंत तबकडी सरकवायची आणि मगच डॉवेल पिना ठोकायच्या. (तबकडीच्या जाडीइतका दांडा आखूड पडतो, त्याचीही तजवीज आलीच!) बेळगावच्या उद्यमबागेतील जुन्या टर्नरांना ही विद्या मुखोद्गत आहे; आपल्या कपाटांत मात्र तिच्यावरील मराठी पुस्तक मला आढळले नाही. ते सांगतील, आपल्यापैकी कोणीतरी वही घेऊन जावे.