बोलणारा संगणक, तुमच्या बेताने



मोतीबिंदूने किंवा मधुमेहाने नजर अधू झाली, किंवा मुळीच दिसत नाही, म्हणून संगणक सोडायची गरज नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा नॅरेटर विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून आहे. तो विकत घ्यावा लागत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकदम दाबा. तो बोलू लागेल. पुन्हा दाबल्या की बंद.

पण अनेकजण वैतागतात. म्हणतात, फार बडबडतो, समजतच नाही. तेव्हा आधी त्याचं बोलणं आपल्या बेताचं करून घ्या. मध्येच गप्प करायचं तर नुसती कंट्रोल कळ दाबा. वेग कमी करायला कॅप्स लॉक दाबून धरा आणि वजाची कळ दाबा, वाढवायला अधिकची. सुरुवातीला सावकाशच ऐका. कान सरावले की वेग आपोआप वाढवावासा वाटतो. कॅप्स लॉकसोबत व्ही दाबलं की किती तपशील सांगायचा, ते बदलतं. अगदी कमी पातळीवर तो नुसता मजकूर वाचतो.

बाकीच्या सोयींसाठी विंडोज, कंट्रोल आणि एन दाबा, सेटिंग उघडेल. टाइप करताना अक्षर ऐकू यावं की पूर्ण शब्द, ते तिथे ठरवा. हिंदी आवाज घेतला तर देवनागरी मजकूर वाचला जातो. मराठी उच्चार मात्र हिंदी वळणाचे येतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. वेबपान वरपासून खालपर्यंत ऐकत बसू नका. कॅप्स लॉक आणि स्पेसबार दाबून स्कॅन मोड सुरू करा. मग एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, बी दाबलं की पुढचं बटण. वर्तमानपत्राची शीर्षकं चाळून हवी ती बातमी वाचावी, तसंच हे.

बँकेचं काम करताना मात्र हेडफोन लावा, नाहीतर शिल्लक घरभर ऐकू जाईल!

सरावासाठी कॅप्स लॉक आणि १ दाबा. आता कुठलीही कळ दाबली तरी तिचं फक्त नाव ऐकू येईल, काही बिघडणार नाही. पुन्हा तेच दाबलं की सराव संपतो. आज एवढंच करून बघा.