सायनसचा जुना विकार आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

मराठी घरांत पडशाला आजार म्हणण्याची रीत नाहीं. नाक वाहूं लागलें कीं सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यावा, ओव्याची पुरचुंडी हुंगावी, रात्रीं वाफारा घ्यावा आणि सकाळीं कामाला लागावें, ही वहिवाट पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. साध्या पडशाच्या बाबतींत ती चुकीचीहि नाहीं. कारण तें आठ-दहा दिवसांत बहुधा आपोआपच जातें. प्रश्न उभा राहतो तो पडसें महिनोन् महिने मुक्काम ठोकतें तेव्हां. नाक सदा चोंदलेलें, घशांत मागच्या बाजूनें कफ उतरत असलेला, गालांत व भुंवयांमध्यें जडपणा, आणि फोडणीचा वाससुद्धां येईनासा झालेला, अशा स्थितींत कित्येक माणसें वर्षानुवर्षें राहतात व ‘मला सायनस आहे’ एवढें म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः सायनस हें रोगाचें नांवच नव्हे. तो प्रत्येकाला असतो. रोग असतो तो त्याच्या दाराशीं.

नवी मुंबईच्या रहिवाशांना ही तक्रार चांगली ओळखीची आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाल्यावर खाडीपलीकडील भातखाचरें व मिठागरें यांच्या जागीं हें शहर वसत गेलें. ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील कारखाने शेजारीं होतेच. पावसाळ्यांत भिंतींना येणारी ओल व बुरशी, नव्या बांधकामांची धूळ, रस्त्यावरचा धूर, वाशीच्या मसाला बाजारांत मिरच्यांच्या पोत्यांमध्यें दिवस काढणाऱ्याच्या नाकांत जाणारा खकाणा, हीं सर्व नाकाच्या नाजूक अस्तराला डिवचणारीं आहेत. परंतु सगळा दोष हवेवर टाकतां येत नाहीं. एकाच इमारतींत राहणाऱ्या दोघां शेजाऱ्यांपैकीं एकालाच हा विकार कां जडतो, हें समजण्यास नाकाच्या आंतील रचना पाहिली पाहिजे.

चेहऱ्याच्या हाडांत हवेनें भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालांत, कपाळांत, दोन डोळ्यांच्या मध्यें आणि नाकाच्या अगदीं मागें, मेंदूच्या तळाशीं. यांपैकीं डोळ्यांमधील पोकळी सलग नसून मधाच्या पोळ्यासारखी कप्प्याकप्प्यांची आहे. सर्वांच्या आंत ओलसर अस्तर असतें व त्यावर केंसांहूनहि सूक्ष्म तंतू असतात. हे तंतू अहोरात्र हलत राहून श्लेष्म्याचा पातळ थर, धूळ व जंतु यांसह, दाराकडे ढकलीत असतात. हें दार अवघें कांहीं मिलिमीटर रुंद असतें. त्यांतहि गालाची पोकळी, कपाळाची पोकळी व डोळ्यांमधील पुढचे कप्पे यांचीं दारें एकाच चिंचोळ्या बोळांत उघडतात. त्या बोळांत सूज आली कीं तिन्ही ठिकाणचा निचरा एकदम खुंटतो. मोरीचें तोंड तुंबलें म्हणजे सारें न्हाणीघर पाण्यानें भरतें, तसाच हा प्रकार आहे.

नाकाच्या बाहेरच्या शस्त्रक्रियेचा इतिहास महाराष्ट्राला परका नाहीं. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचें सचित्र वर्णन प्रसिद्ध झालें. टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाला त्याच्याच कपाळाच्या कातडीचें नवें नाक बसविण्यांत आलें होतें. या पद्धतीचा अभ्यास करून जोसेफ कार्प्यू यांनीं १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया केली. परंतु नाकाच्या आंतला प्रदेश त्यानंतरहि दीर्घकाळ अंधारांतच राहिला.

१८९३ सालीं न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनीं व १८९७ सालीं पॅरिसच्या ल्यूक यांनीं वरच्या ओठाखालीं चीर देऊन गालाच्या पोकळींत शिरण्याची रीत वर्णिली. आंतलें अस्तर खरवडून काढावयाचें आणि तळाशीं नाकांत नवें भोंक पाडावयाचें, म्हणजे पू आपोआप खालीं गळेल, असा तिचा हिशेब होता. ही रीत अनेक दशकें जगभर चालली. कित्येकांना तीमुळें गुणहि आला. पण गालाची सूज, ओठाचा व दांतांचा बधिरपणा पुष्कळांच्या वाट्याला येई, आणि तेवढें सोसूनहि विकार परत उलटे.

हिशेब कोठें चुकत होता, तें ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील वाल्टर मेसरक्लिंगर यांनीं दाखवून दिलें. श्लेष्मा केवळ वजनामुळें खालीं वाहत नाहीं. तंतू त्याला मूळच्या नैसर्गिक दाराकडेच नेतात. गालाच्या पोकळीचें दार तर वरच्या अंगाला असतें. म्हणून तळाशीं दुसरें भोंक पाडलें तरी तें ओलांडून श्लेष्मा आपल्या जुन्याच वाटेनें चढत राहतो. याचा अर्थ असा कीं, पोकळी खरवडण्यापेक्षां तिचें दार मोकळें करणें अधिक महत्त्वाचें. तें झालें तर सुजलेलें अस्तर पुष्कळदां आपल्या आपण पूर्वपदावर येतें. इंग्लंडचे हेरॉल्ड हॉपकिन्स यांनीं कांचेच्या कांड्यांची बारीक पण लख्ख दुर्बीण सिद्ध केली होती, तिनें हें निरीक्षण शक्य झालें. पुढें हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनचा १९७१ मध्यें रुग्णावर प्रथम उपयोग झाला आणि कवटींतील प्रत्येक कप्प्याचा नकाशा हातीं येऊं लागला. मेसरक्लिंगर यांचे सहकारी स्टॅमबर्गर आणि अमेरिकेंतील डेव्हिड केनेडी यांनीं १९८५ च्या सुमारास ही विद्या जगभर नेली.

आज या शस्त्रक्रियेंत चेहऱ्यावर चीर पडत नाहीं. रुग्णाला भूल देऊन सुमारें चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीवाटे आंत जाते व आंतील दृश्य पडद्यावर मोठें दिसतें. बारीक हत्यारांनीं मांसाचे कोंब व वाट अडविणारीं पातळ हाडें काढलीं जातात. निरोगी अस्तर मात्र जपून राखावयाचें असतें. बहुतेक रुग्ण त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं जातात. वाशीच्या महापालिका रुग्णालयापासून नेरूळ व कामोठें येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपर्यंत रुग्णसेवेच्या सोयी नवी मुंबईंत उभ्या राहिल्या आहेत; तेव्हां तपासणीसाठीं तरी खाडी ओलांडून जाण्याचें कारण उरलेलें नाहीं.

चीर लहान, म्हणून काम लहान, असा समज मात्र करून घेऊं नये. डोळा व हे कप्पे यांच्यामध्यें कागदासारखें पातळ हाड असतें. कप्प्यांच्या छतावर मेंदू असतो. मागच्या पोकळीच्या भिंतीला दृष्टीची नस व मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी लागून असते. डोळ्याला इजा होणें, मेंदूभोंवतालचें पाणी नाकांत गळणें, फार रक्तस्राव होणें, असे अपघात अनुभवी हातांत क्वचितच होतात. पण ते अशक्य नाहींत, आणि शस्त्रवैद्यानें ते आधीं सांगणें व घरच्यांनीं ते विचारणें, दोन्ही योग्यच आहे.

म्हणून शस्त्रक्रिया कोणाची करावी, हा प्रश्न ती कशी करावी याहून मोठा ठरतो. बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला त्रास, आणि दुर्बिणींत अथवा स्कॅनमध्यें दिसणारा पुरावा, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय या विकाराचें निदान पक्कें होत नाहीं. केवळ डोकें दुखतें म्हणून सायनसला दोष देणें धोक्याचें आहे. २००४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत सायनसची डोकेदुखी समजून चालणाऱ्या सुमारें तीन हजार लोकांपैकीं ८८ टक्के लोकांत वास्तविक अर्धशिशीसारखीं लक्षणें आढळलीं. अशांचें नाक उघडून अर्धशिशी कशी थांबणार? तसेंच ‘नाकाचें हाड वाढलें आहे’ हें वाक्य घरोघरीं ऐकूं येतें. पण हाड वाढलेलें नसून पुष्कळदां नाकाचा मधला पडदा वांकडा असतो, आणि थोडासा वांकडेपणा तर निरोगी माणसांतहि सर्रास आढळतो.

पहिली पायरी औषधाचीच असते. मिठाच्या कोमट पाण्यानें नाक धुणें व स्टेरॉईडचा फवारा नियमानें कांहीं आठवडे घेणें, एवढ्यानें अनेकांची शस्त्रक्रिया टळते. हठयोगांतील जलनेति ही याच जातीची क्रिया. मात्र तिला उकळून निववलेलेंच पाणी घ्यावें, कारण कच्च्या पाण्यांतील एक सूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूंत शिरून प्राणघातक ठरूं शकतो. तक्रार एकाच बाजूची असेल तर वरच्या दाढेचें मूळहि तपासून घ्यावें. तेथला पू गालाच्या पोकळींत उतरतो. इतकें करूनहि वाट मोकळी झाली नाहीं, तर शस्त्रक्रियेची पायरी येते.

आणि ती झाल्यावरहि काम संपत नाहीं. ‘सायनस पुन्हां होतोच, मग कापून काय उपयोग?’ असें जे म्हणतात, त्यांच्या म्हणण्यांत अर्धें सत्य आहे. शस्त्रक्रिया दार उघडते; दम्याची किंवा ॲलर्जीची मूळ प्रवृत्ति ती पालटीत नाहीं. मांसाचे कोंब असलेल्यांत ते पुन्हां वाढण्याचा संभव बराच असतो. परंतु दार उघडें असलें कीं नाक धुण्याचें पाणी व फवारा जेथें पोंचावयास हवा तेथें पोंचतो. जो रुग्ण बरें वाटतांच फवारा फडताळांत ठेवून देतो, तो शस्त्रक्रियेचें अर्धें फळ हातचें घालवितो.

दुखणें अंगावर काढण्याची संवय किती महाग पडते, तें २०२१ सालीं दिसलें. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडची काळी बुरशी, देशभर पसरली. महाराष्ट्र व गुजरात यांना तिची झळ अधिक लागली. मेमध्यें केंद्र सरकारनें राज्यांना तिची नोंद साथीच्या रोगांच्या १८९७ च्या कायद्याखालीं सक्तीची करण्यास सांगितलें. हा तोच कायदा, जो मुंबईच्या प्लेगच्या वेळीं झाला होता. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉईडचा मारा यांनीं दुबळ्या झालेल्या शरीरांत ही बुरशी नाकांतून सायनसमध्यें आणि तेथून डोळ्यांत व मेंदूंत थोड्या दिवसांतच शिरे. अशा वेळीं दुर्बिणीनेंच निदान होई व दुर्बिणीनेंच सडलेला भाग काढला जाई. जोडीला ॲम्फोटेरिसिन हें औषध. जे लवकर आले, त्यांतील अनेकांचे डोळे व प्राण वांचले. जे ‘सर्दीच तर आहे’ म्हणत राहिले, त्यांतील कित्येकांचें उशिरां कोणाचेंच कांहीं चाललें नाहीं.

साथ ओसरली, पण त्या खुणा ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. मधुमेही माणसाच्या गालाला एकाएकीं बधिरता येणें, एका डोळ्याची सूज, पापणी पडणें, एकाचे दोन दिसणें, नाकांतून काळपट स्राव येणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर वाफारा घेत बसूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. साध्या पडशाला घाबरूं नये, बारा आठवडे रेंगाळणाऱ्या पडशाकडे काणाडोळा करूं नये, आणि डोळ्याशीं पोंचणाऱ्या दुखण्याला एक रात्रहि देऊं नये. एवढा विवेक घरांत असला, तर शस्त्रवैद्याच्या दुर्बिणीला थोडें काम पडेल, आणि जें पडेल तें वेळेवर पडेल.