नोंदवहीत न आलेलं कसब

हातातलं काम चालू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडा, लसूण सोलत असाल तर सोला, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगणार आहोत. चूक सगळ्यांनी मिळून केली, म्हणून सांगतोयही मिळूनच.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या तरुण मुलामुलींची यादी करायचं काम आमच्या बचतगटाकडं आलं होतं. नाव, वय, शिक्षण आणि शेवटच्या रकान्यात ‘येत असलेलं कौशल्य’. आम्ही दोन संध्याकाळी घरोघर फिरलो. मुलांच्या नावापुढं लिहिलं, ट्रॅक्टर चालवतो, वायरिंग करतो, गवंड्याच्या हाताखाली आहे. मुलींच्या नावापुढं लिहीत गेलो, घरकाम, घरकाम, घरकाम. एकीच्या पुढं तर ‘निरंक’. कुणाला काही खटकलं नाही. सह्या केल्या, वही बंद केली.

त्या यादीत आमच्याच गटातल्या एका ताईंची लेक होती. वय १९. वडील गेले, नववीत शाळा सुटली, आणि पोरगी मामाच्या दुकानात बसायला लागली. मामा जळलेल्या मोटारी भरून देतो. सुरुवातीला ही चहा आणायची, दुकान झाडायची. मग जुनी तार काढायला लागली. चार वर्षांनी काय झालं ते ऐका. जळलेली मोटार समोर आली की ती आधी खोलते, जुन्या वाइंडिंगचे वेढे मोजते, तारेचा गेज मोजते, वहीत टिपून ठेवते. खाचांत इन्सुलेशनचा कागद बसवते, नव्या तांब्याच्या तारेचे तेवढेच वेढे देते, जोडण्या करते, वॉर्निश देऊन सुकवते, आणि टेस्ट दिवा लावून बघितल्याशिवाय मोटार हातातून सोडत नाही. ऐन पेरणीच्या दिवसांत निम्म्या गावाचं पाणी तिच्या हातावर चालतं. आणि आम्ही तिच्या नावापुढं लिहिलं होतं, घरकाम.

पुढं तालुक्याला पंप जोडणीच्या एका कारखान्यात मुली घ्यायच्या होत्या. ही गेली. तिथं विचारलं, काय येतं? ती म्हणाली, “काही नाही, घरीच असते. मामाला मदत करते.” कागद मागितला, तो नव्हता. तिला खोकी बांधायच्या कामाला घेतलं. किमान वेतन ठरवताना सरकार कामाची अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी वर्गवारी करतं, आणि प्रत्येकाचा दर वेगळा असतो. पोरगी अकुशलच्या दरावर लागली. तिच्याबरोबरच दुसरा एक मुलगा गेला होता, आयटीआयचा कागद असलेला. तो थेट वाइंडिंगच्या टेबलावर बसला. आम्हाला त्या मुलाचा राग नाही, तो शिकूनच आलाय. पण पहिल्या आठवड्यात त्याची एक जोडणी उलटी पडली, ती खोकी बांधता बांधता हिनंच दाखवून दिली.

महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले, हिशेब झाला, तेव्हा तिची आई म्हणाली, “बायांनो, माझ्या लेकीला काय येतं ते तुम्हाला ठाऊक होतं. कारखान्याला कसं ठाऊक असणार? मग लिहिताना तुमचा हात का आखडला?”

कुणाला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री आम्ही ती यादी पुन्हा काढली आणि एक शब्द पकडला. तो शब्द म्हणजे ‘मदत’. मुलगा बापाबरोबर शेळ्यांचं बघतो तेव्हा आपण म्हणतो, शेळीपालन करतो. मुलगी तेच करते तेव्हा आपण म्हणतो, मदत करते. शेळी विताना पहाटे तीन वाजता गोठ्यात कोण बसतं? करडाला चीक कोण पाजतं? लसीची तारीख कुणाच्या ध्यानात असते? पण ती मदत! मुलीही आपल्याच तोंडून ऐकतात आणि विचारणाऱ्याला तेच सांगतात. मैत्रिणींनो, सरकारी कागद नंतर येतो. पहिली मान्यता घरातल्या बोलण्यात मिळते, नाहीतर तिथंच हुकते.

मग आम्ही ठरवलं, यादी नव्यानं करायची. या वेळी ‘काय येतं?’ असं विचारायचंच नाही, कारण उत्तर येतं ‘काही नाही’. आम्ही चार प्रश्न केले. तुम्हीही लिहून घ्या.

पहिला, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस? दुसरा, त्यातलं कोणतं काम एकटीला जमतं आणि कुठं विचारावं लागतं? तिसरा, कुणाकडं शिकलीस, किती दिवस? चौथा, तुझं काम कुणी पाहिलंय, कुणी पैसे देऊन करून घेतलंय?

या चार प्रश्नांनी वही भरून गेली. एकजण मोबाइलवरून गटाचे हिशेब ठेवते. एकजण लग्नाच्या दोनशे पानांच्या स्वयंपाकाचा अंदाज काढते, डाळ किती, तेल किती, सगळं तोंडपाठ. एकीला ब्लाउज कापायला माप एकदाच घ्यावं लागतं. एक मुलगा मधमाश्यांचं पोळं न जाळता मध काढतो, आजोबांकडून शिकला. शाळेत यातलं काहीच नव्हतं, म्हणून यातलं कुठं लिहिलंही गेलं नव्हतं.

आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “कागद हवाय कशाला? गाव ओळखतं की.” मावशींचं खरं आहे. गावात कागद लागत नाही. पण पोरगी लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली, की तिथं कोण ओळखतं? बँकेत कर्जाला बसली, तर साहेब कोणाला विचारणार? कसब तिच्याबरोबर जातं, ओळख मागंच राहते. म्हणून कागद.

आता कागद कुठं मिळतो ते सांगतो.

एक वाट आहे आरपीएल नावाची. आधीच मिळवलेल्या शिक्षणाची मान्यता, असा त्याचा अर्थ. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्यात ही सोय आहे. यात पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसवत नाहीत. नाव नोंदवतात, थोडी उजळणी घेतात, मग बाहेरून आलेला परीक्षक प्रश्न विचारतो आणि काम करून दाखवायला सांगतो. पास झालं की प्रमाणपत्र. वय १८ पूर्ण लागतं. मात्र प्रत्येक धंद्याची बॅच प्रत्येक ठिकाणी लागतेच असं नाही. म्हणून जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात गटानं एकत्र जाऊन विचारावं, आपल्याकडं अमुक कामाच्या इतक्या मुली आहेत, बॅच लागेल का? एकटीला टोलवतात, दहाजणींना बसायला खुर्ची देतात.

दुसरी वाट पीएम विश्वकर्मा योजनेची, सप्टेंबर २०२३ पासूनची. यात १८ धंदे आहेत. शिंपी, सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, टोपल्या-झाडू-चटया विणणारे, हार करणारे, परीट, न्हावी, मासेमारीचं जाळं विणणारे, असे. यात प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये मिळतात, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायतीत असते. पण एक अट नीट ऐका. एका कुटुंबातून एकाचंच नाव बसतं, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं. म्हणजे मशीनवर बसते लेक आणि अर्जावर नाव बापाचं, असं झालं की लेकीची वाट बंद. अर्ज भरण्याआधी घरात एक प्रश्न विचारा, शिवतं कोण? जी शिवते तिचं नाव.

तिसरी वाट ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, म्हणजे एनआयओएसमार्फत, वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर गावोगाव माहीत आहे. आणि हातानं शिकणं व कागद यांची गाठ कशी घालायची, ते बघायचं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं नाव घ्यावं लागेल. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानं तिथं विज्ञान आश्रम काढला. वर्गात न रमलेली मुलं तिथं राहून वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं प्रत्यक्ष करत शिकतात, गावातली खरी कामं घेतात. आणि त्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेला एनआयओएसची मान्यता आहे. हात चालले की डोकंही चालतं, हे तिथं चाळीस वर्षं दिसतंय.

आता आमच्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगतो, आणि खरं तेच सांगतो. बॅच लागली, ती परीक्षेला बसली, आणि पहिल्या वेळी नापास झाली. मोटार तिनं परीक्षकासमोर बिनचूक भरली. अडली ती तोंडी प्रश्नांना. अर्थिंग कशासाठी असतं, शॉक लागलेल्या माणसाला कसं सोडवायचं, हातमोजे कधी घालायचे. मामाच्या दुकानात हातमोजे नव्हतेच. मामा स्वतः दोनदा फेकला गेलाय, पण ‘सवय होते’ म्हणतो.

घरी आली, रडली. आम्हालाही आधी राग आला. मग वाटलं, परीक्षेनं एक गोष्ट बरोबर दाखवली. घरी शिकण्यात हात तयार होतो, पण काही कोपरे कोरे राहतात. शिकवणाऱ्याला जे माहीत नसतं ते शिकणाऱ्याला मिळत नाही. शिवणारीला कापडाचा भाव लावता येत नाही, शेळ्या बघणारीला औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायची सवय नसते. आपल्याला येतं त्याचा मान ठेवायचा, आणि येत नाही ते विचारायला लाजायचं नाही. गावात वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी तिला आणि आणखी तिघांना आठ संध्याकाळी बसवून शिकवलं. गटानं रबरी हातमोज्यांचे दोन जोड घेतले, एक मामाच्या दुकानात ठेवला. दुसऱ्या वेळी ती पास झाली.

लगेच पगार वाढला का? नाही. कारखान्यातले साहेब म्हणाले, जागा निघाली की बघू. अजून ती खोक्यांवरच आहे. पण रविवारी ती गावात स्वतःच्या नावानं मोटारी घेते, पावती देते, आणि दर सांगताना खाली बघत नाही. जागा निघाली आणि नाही दिली, तर आम्ही गटातल्या पाचजणी तिच्याबरोबर विचारायला जाणार आहोत.

दोन गोष्टी तेवढ्या जपा. कुणी म्हणालं, परीक्षा नको, पैसे द्या, प्रमाणपत्र घरपोच देतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा. असा कागद पहिल्याच मोटारीला उघडा पडतो, आणि खऱ्या पोरींच्या कागदालाही बट्टा लावतो. आणि दुसरं, केलेल्या कामाचा पुरावा आजपासून ठेवायला लावा. कामाचा फोटो, तारीख, कुणासाठी केलं, किती पैसे मिळाले. शंभर पानी वही पुरते. परीक्षा, बँक, नोकरी, कुठंही तीच पुढं करता येते.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास जास्त बसा. आपल्या गावातल्या मुलामुलींची नावं घ्या आणि ते चार प्रश्न विचारा. ‘मदत करते’ असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबवा आणि विचारा, मदत करते की काम करते?

आमच्या त्या जुन्या वहीचं पान आम्ही फाडलं नाही. ‘घरकाम’ या शब्दावर लाल शाईनं रेघ मारली आणि पुढं लिहिलं, ‘मोटार वाइंडिंग, चार वर्षं, एकटीनं करते.’ खाली पुन्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पहिली सही तिच्या आईची आहे.

येतो आम्ही. नमस्कार.